मेपलला तोटी मारण्याआधी पातेलं मोजा

प्रश्न थोडक्यात असा : मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफर्डला मागच्या उन्हाळ्यात घर घेतलं, परसात मेपलची चार मोठी झाडं आहेत, शेजारी म्हणतो यंदा घरचं सिरप करून बघा, आणि मुलं तर हटूनच बसली आहेत. तोट्या, म्हणजे खोडाला भोक पाडून रस गळायला बसवायच्या नळ्या, कधी मारायच्या? किती? झाडाला इजा होते का? आणि रस स्वयंपाकघरातल्या गॅसवर आटवला तर चालेल का?

मी उलटीकडून सुरू करतो. स्वयंपाकघरात आटवू नका. आणि तोट्या किती मारायच्या हे झाडांकडे बघून नाही, आटवायच्या भांड्याकडे बघून ठरवा. नवखा माणूस नेमका इथेच फसतो. भोक पाडायला दोन मिनिटं लागतात, ते मजेचं काम आहे, म्हणून चार झाडांना आठ तोट्या मारून माणूस मोकळा होतो. पाचव्या दिवशी गॅरेजमध्ये पन्नास गॅलन (एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास) रस साठलेला असतो आणि घरात सगळ्यात मोठं भांडं म्हणजे प्रेशर कुकर.

मी मूळचा कागल तालुक्यातला. मामांचं गुऱ्हाळ होतं, दिवाळीनंतर काहिलीभोवतीच आम्ही वाढलो. तुमच्या राज्याच्या उत्तरेला असलेल्या व्हरमाँटला आलो आणि पहिल्यांदा मेपलचं ऐकलं तेव्हा वाटलं, रस आटवणं म्हणजे आपलं घरचं काम. आता एकोणिसावा हंगाम चालू आहे, पण पहिल्या वर्षी तो तोरा एका दिवसात उतरला. ऊसाच्या रसात साखर असते अठरा-वीस टक्के. मेपलच्या रसात दोन टक्के. दहापट पातळ! मामांची काहील अडीच-तीन तासांत उतरायची, कारण निम्मं काम ऊसानंच करून ठेवलेलं असायचं. इथे झाड तुम्हाला जवळजवळ पाणीच देतं.

हिशोबाला इथले शेतकरी ८६चा नियम वापरतात. व्हरमाँट विद्यापीठातल्या सी. एच. जोन्स यांनी १९४६ साली तो मांडला. ८६ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, म्हणजे एक गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते कळतं. दोन टक्के साखर असेल तर त्रेचाळीस गॅलन. सोप्या भाषेत, चाळीस लिटर रसाचं जेमतेम एक लिटर सिरप, आणि उरलेलं एकोणचाळीस लिटर पाणी वाफ होऊन कुठेतरी जायला हवं.

पहिल्या वर्षी ते माझ्या छताला गेलं. दोनच तोट्या होत्या, तरी शनिवारी सकाळी सातला चढवलेलं पातेलं रात्री आठला उतरलं. दुपारपर्यंत खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ, संध्याकाळी छताला थेंब लोंबायला लागले, आणि सिंकच्या वरचा वॉलपेपर एका कोपऱ्यातून सुटून पुढे वाकला. कपाटांच्या दारांवर बोट फिरवलं की चिकट. बायको काही बोलली नाही, फक्त तो वॉलपेपर तिनं महिनाभर तसाच लोंबत ठेवला.

म्हणून बाहेर. काँक्रीटचे पोकळ ब्लॉक तीन बाजूंनी रचून त्यावर दोन ट्रे. हॉटेलात बुफेचं जेवण गरम ठेवायला वापरतात ते स्टीलचे खोलगट ट्रे, वीस बाय बारा इंची, रेस्टॉरंटचं सामान विकणाऱ्या दुकानात स्वस्तात मिळतात. मागच्या बाजूला धुराड्याचा पत्र्याचा नळ उभा केला की जाळ ओढून घेतो. आमचं चुलाण आणि हे, तत्त्व एकच : भांडं पसरट हवं, खोल नको. वाफ पृष्ठभागावरून जाते. त्याच रसाला उभट पातेल्यात दुप्पट वेळ लागतो. जळण खडखडीत वाळलेलं आणि मनगटापेक्षा बारीक फोडलेलं ठेवा. गुऱ्हाळावर जाळ घालणारा गडी चिपाडाच्या पेंढ्या सारख्या आत सारत असायचा, तसं इथेही दर सात-आठ मिनिटांनी थोडं थोडं घालायचं. मोठा ओंडका टाकून गप्पा मारायला बसलात की उकळी बसते. पेटवण्याआधी गावच्या अग्निशमन दलाला फोन करून विचारा, परवानगीचे नियम गावागणिक वेगळे असतात. ब्लॉकना दोन-तीन वर्षांत तडे जातात, ते धरूनच चाला.

असे दोन ट्रे, बरा जाळ, म्हणजे तासाला दोन गॅलन पाणी उडतं. आता उलटा हिशोब करा. चांगल्या वाहत्या दिवशी एक तोटी एक ते दोन गॅलन रस देते, काही दिवस काहीच देत नाही. चार तोट्यांचा आठवड्याचा वीस-पंचवीस गॅलन रस होऊ शकतो. तुम्ही दोघंही नोकरी करता असं धरतो, म्हणजे आटवायला शनिवारच. पंचवीस गॅलनला बारा तास. चार तोट्यांची गोष्ट इथे संपते. पहिल्या वर्षी तीन किंवा चार, त्यावर एकही नाही. एका तोटीमागे हंगामभरात साधारण दहा गॅलन रस धरतात, म्हणजे चार तोट्यांचं साडेतीन लिटरच्या आसपास सिरप होईल. ते काही कमी नाही.

आता झाडं. चारही खरंच मेपल आहेत ना, हे आधी बघा. पानं नसताना ओळखायचं तर फांद्या बघायच्या : मेपलच्या डहाळ्या समोरासमोर जोडीनं फुटतात. ओक, बर्च, बीच यांच्या एकाआड एक. ॲशच्याही समोरासमोर असतात, तेवढा घोळ होतो, पण ॲशच्या डहाळ्या जाडसर, बोटासारख्या असतात आणि मोठ्या झाडाच्या सालीवर शंकरपाळ्यांची नक्षी असते. मग कळी बघा. शुगर मेपलची तपकिरी, टोकदार, पेन्सिलीच्या टोकासारखी. रेड मेपलची लालसर, गोलटलेली. तुमच्याकडे रस्त्याकडेला आणि जुन्या घरांच्या परसात नॉर्वे मेपल बरेच असतात. त्यांच्या कळ्या टपोऱ्या, आणि उन्हाळ्यात पानाचा देठ मोडला तर पांढरा चीक येतो. या सगळ्यांचा रस चालतो. शुगर मेपलला साखर जास्त आणि हंगाम लांब, रेड मेपल लवकर कळ्या फोडतो आणि त्याचा हंगाम आधी संपतो. दोन्ही असतील तर आधी शुगर मेपल घ्या.

घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजा. शिवणकामाची टेप पुरते. दहा इंच व्यासाच्या झाडालाही तोटी मारतात, पण मी बारा इंच व्यास, म्हणजे अडतीस इंच घेर, त्याखाली जात नाही. घेर सत्तावन्नच्या वर गेला, म्हणजे व्यास दीड फूट, तर दोन तोट्या चालतात. जुन्या चित्रांत एका खोडाला चार-चार बादल्या लटकलेल्या दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. शेंडा वाळलेला, खोडाला मोठी पोकळी, किंवा ड्राइव्हवेच्या खोदकामात मुळं तुटलेली, असं झाड असेल तर ते यंदा राहू द्या. आणि एक चौकशी नक्की करा : आधीच्या मालकानं झाडांना कीटकनाशकाची इंजेक्शनं दिली होती का? तुमच्या राज्यात वॉर्सेस्टरकडे २००८ मध्ये आशियाई लांबशिंग्या भुंगेरा सापडल्यापासून मेपलना अशी औषधं देण्याचे प्रकार झाले आहेत. दिली असतील तर त्या झाडाचा रस पोटात जाऊ देऊ नका.

कधी मारायच्या, याला तारीख नाही. व्हरमाँटमध्ये जुने लोक टाउन मीटिंगच्या, म्हणजे गावसभेच्या दिवसाची, मार्चच्या पहिल्या मंगळवारची खूण सांगतात. माझ्या शेजारचे म्हातारे शेतकरी अजून तेच सांगतात, आणि स्वतः मात्र अलीकडे फेब्रुवारीच्या मध्यालाच ड्रिल घेऊन निघतात. तुम्ही दक्षिणेला आहात, तुमच्याकडे फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. पण खरी खूण हवामानाची : रात्री पारा (सेल्सिअसमध्ये) शून्याखाली चार-पाच अंश, दिवसा शून्याच्या वर चार-पाच अंश, आणि असे चार-पाच दिवस पुढे दिसतायत. अंदाजात ती रांग दिसली की आदल्या दिवशी मारा.

हे असं का, ते समजून घेतलंत तर हंगामभर उपयोग होईल. मेपलच्या लाकडातल्या तंतूंमध्ये पाण्याऐवजी हवा असते. रात्री फांद्या गोठतात तेव्हा ती हवा आक्रसते, दाबली जाते, तिथे बर्फ धरतो आणि झाड खालून, मुळांतून पाणी वर ओढून घेतं. सकाळी ऊन लागलं की बर्फ वितळतो, दाबलेली हवा पसरते, वर चढलेल्या पाण्याचं वजनही असतंच, आणि सगळा रस दाबानं खाली यायला लागतो. चांगल्या दिवशी हा दाब पंधरा-वीस पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) जातो. खोडाला जिथे भोक मिळेल तिथून रस बाहेर. म्हणजे आपल्याला वाटतं रस मुळांकडून वर जाताना मध्येच गळतो, तर तसं नाही. बादलीत पडतो तो बहुतेक वरून उतरलेला असतो. म्हणूनच रात्री गोठलं नाही की दोन दिवसांत धार आटते, आणि दिवसभर गोठलेलंच राहिलं तर थेंबही येत नाही. आपल्याकडे ताड-शिंदीची नीरा काढतात तिच्याशी बरेच जण तुलना करतात. तिथे छेद पुन्हा पुन्हा ताजा करायचा असतो. इथे एकदा पाडलेल्या भोकाला हंगामात पुन्हा हात लावायचा नाही, बाकीचं सगळं थंडी-उन्हाच्या हातात.

जानेवारीत चार दिवस उबदार आले की हात शिवशिवतात. थांबा. ताज्या भोकात सहा-आठ आठवड्यांत जंतू वाढतात आणि झाड आपली जखम आतून बंद करत आणतं. जानेवारीत मारलेली तोटी मार्चच्या मोठ्या धारेच्या वेळी थकलेली असते. शेकडो झाडं, नळ्या आणि व्हॅक्यूम पंप असलेल्यांचं गणित वेगळं आहे, त्यांचं बघून आपण करू नये.

सामान फार नाही. पाच-षोडशांश इंची प्लॅस्टिकच्या तोट्या, त्याच मापाचं नवं धारदार ड्रिल बिट, अन्नासाठी चालणाऱ्या पाच गॅलनच्या झाकणाच्या बादल्या आणि तोटीला जोडायची फूट-दीड फूट नळी. बेकरीवाल्यांकडे क्रीमच्या रिकाम्या बादल्या मागा, बहुधा फुकट देतात. जुन्या सामानाच्या दुकानात पत्र्याच्या सुंदर मेपल बादल्या मिळतात. त्या दिवाणखान्यात ठेवा. त्यांच्या सांध्यांना शिशाचं डाग असू शकतं, आणि चाळीस लिटरचा एक लिटर करताना शिसंही चाळीसपट होतं.

ऊन असलेल्या दिवशी, पारा शून्याच्या वर आल्यावर मारा, कडक गोठलेलं लाकूड तडकतं. बिटला टोकापासून दीड इंचावर रंगीत टेप गुंडाळा, त्याच्या आत जायचं नाही. जागा तुमच्या कमरेएवढ्या उंचीवर, निरोगी सालीवर. ड्रिल किंचित वरच्या दिशेला तिरकं धरा, म्हणजे रस बाहेर वाहील. एका दमात आत, फिरत असतानाच बाहेर, आत-बाहेर घासत बसू नका, भोक लंबगोल होतं. मग तळहातावर भुसा घेऊन बघा. पांढरट, नारळाच्या किसासारखा ओलसर भुसा आला म्हणजे जिवंत लाकूड. चॉकलेटी, कोरडा आला तर ती जुनी जखम किंवा मेलेला भाग, तिथून रस येणार नाही. तोटी हातानं बसवा आणि हातोडीनं हलकेच ठोका. आवाज ऐका : आधी टक-टक असा पोकळ येतो, आणि मग एका ठोक्याला तो बदलतो, भरीव होतो. तिथे थांबायचं. आणखी एक ठोका मारायचा मोह होतोच; तो मारला की लाकूड उभं चिरतं आणि रस तोटीऐवजी सालीवरून गळत बसतो.

दिवस बरोबर निवडला असेल तर ड्रिल बाहेर येतानाच भोकाच्या कडेवर थेंब जमतो. मुलांना आधीच सांगून ठेवा की तो पाण्यासारखा दिसेल आणि पाण्यासारखाच लागेल, नाहीतर हिरमुसतात. शहाळ्याच्या पाण्याची शेवटची गोडी जिभेवर राहते तेवढीच. प्यायला द्यायचा असेल तर उकळून द्या. आणि एकदा त्या रसाचा चहा करा, साखर न घालता. आमच्याकडे हंगामातला पहिला रस आटवतच नाहीत, चहातच संपतो.

झाडाला इजा होते का? होते, पण भरून येणारी. झाडाच्या साठ्यातल्या साखरेतला अगदी थोडा वाटा आपण घेतो, त्यानं झाड अशक्त होत नाही. खरा प्रश्न भोकाचा आहे. झाडाची जखम आपल्यासारखी बरी होत नाही. ते जखमेभोवतीचं लाकूड कायमचं बंद करून टाकतं. भोक बाहेरून एक-दोन वर्षांत बुजतं, आत मात्र त्याच्या वर-खाली लांबच लांब काळपट पट्टा राहतो, ज्यातून पुन्हा कधी रस वाहणार नाही. म्हणून पुढच्या वर्षीचं भोक जुन्यापासून बाजूला निदान सहा इंच आणि उंचीतही फूटभर सरकवून पाडायचं. दरवर्षी एकाच दिशेनं खोडाभोवती फिरत गेलात तर जुन्या जागेवर परत यायला बरीच वर्षं लागतात, तोवर खोडावर नवं लाकूड चढलेलं असतं. मी प्रत्येक झाडाचा फोटो काढून ठेवतो. आठवणीवर भिस्त ठेवलेल्या वर्षी दोन भोकं चॉकलेटी निघाली.

रस दुधासारखा समजा. रोज संध्याकाळी गोळा करायचा, गाळायचा, थंड ठेवायचा. परसाच्या उत्तर बाजूला बर्फाच्या ढिगात बादल्या पुरून ठेवल्या की चार-पाच दिवस टिकतो. पांढुरका, गढूळ दिसला की ओतून द्या, जीव घालवू नका. सकाळी बादलीत वर बर्फाची चकती आलेली दिसेल, ती मी काढून फेकतो. गोठताना पाणी आधी गोठतं, साखर बरीचशी खालच्या रसात राहते. फुकटात आटवणं झालं. फ्रेंच आणि इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून अबेनाकी, अनिशिनाबे हे इथले मूळ लोक मेपलची साखर करत आले आहेत. अनिशिनाबेंच्या महिन्यांत तर एका महिन्याचं नावच रस आटवण्यावरून पडलं आहे.

आता चुलीपाशी. ट्रेमध्ये रस दोन इंच तरी असू द्या, दीड इंचाखाली जाऊ देऊ नका. शेजारी एका पातेल्यात पुढचा रस गरम करत ठेवा आणि तोच थोडा थोडा घाला, गार रस ओतला की उकळी मोडते. फेस वर चढायला लागला तर तुपाचा एक थेंब, एकच. गुळव्या तेलाचा थेंब सोडतो आणि फेस बसतो, तोच प्रकार. आमच्याकडे मळी धरायला भेंडीचा चिकट रस घालतात, त्याची इथे गरज नाही. पांढरा फेस येतो तो झाऱ्यानं काढत राहायचं.

तासन्‌तास काही घडत नाही. रस पाण्यासारखाच असतो, मग चहाच्या रंगावर येतो, आणि मग अचानक सगळं वेगानं व्हायला लागतं. ट्रेमधला रस तळाशी आला, सोनेरी झाला, बुडबुडे बारीक आणि चकचकीत झाले, की तो गाळून एका पातेल्यात घ्या आणि घरात न्या. शेवटचा हा अर्धा-पाऊण तास तेवढा स्वयंपाकघरात. इथे जागचं हलायचं नाही. तिसऱ्या वर्षी मी याच टप्प्याला कोल्हापूरला आईशी फोनवर बोलत होतो. ती विचारत होती, "काय शिजवतोयस रे, आवाज येतोय?" मी सांगायला वळलो आणि वळेपर्यंत वास आला. दोन दिवसांचा रस, चौदा तासांचा जाळ, आणि तळाला काळा डांबराचा थर. ते पातेलं अजून आहे माझ्याकडे, त्यात आता खिळे ठेवतो.

उतरवायचं कधी, ते थर्मामीटर सांगतो. त्या दिवशी तुमच्या घरी पाणी किती फॅरनहाइटला उकळतं ते आधी बघा. २१२ असेलच असं नाही, हवेच्या दाबानुसार अंशभर इकडेतिकडे होतं. त्या आकड्याच्या वर सात अंश गेले की सिरप झालं. सेल्सिअसमध्ये १०४च्या आसपास. त्या वेळी त्यात ६६-६७ टक्के साखर असते. त्याखाली उतरवलं तर महिन्याभरात आंबतं किंवा बुरशी धरतं. वर गेलं तर बाटलीच्या तळाला खडीसाखर. हायड्रोमीटर (घनतेवरून साखर मोजायचं साधन) घ्यायचा असेल तर सिरपचा घ्या, रसाचा वेगळा असतो आणि नवखे हमखास तोच मागवतात. सिरपच्या हायड्रोमीटरवर गरम आणि थंड अशा दोन रेषा असतात.

आपल्या लोकांना इथे एक खास इशारा. आपला हात पाकाला सरावलेला आहे, आपण बोटांत तार बघतो. एकतारी पाक आला म्हणजे उशीर झाला. मेपल त्याच्या अलीकडे, काकवी उतरवतात त्या सुमाराला उतरवायचं. डाव भरून तिरका केला आणि शेवटचे थेंब सुटे न पडता एकमेकांत मिसळून पडद्यासारखे कडेवरून ओघळले, की बास. गरम असताना ते पातळच वाटतं. तसंच असतं.

उतरवल्यावर ते गढूळ दिसेल आणि जिभेवर कचकचेल. रसातली खनिजं आटवताना घट्ट होऊन वेगळी पडतात, त्यात कॅल्शियम मॅलेट मुख्य. इथे त्याला शुगर सँड म्हणतात. आमची मळी वर तरंगते, ही रेती तळाला बसते. ती काढायला जाड नमद्याची गाळणी मिळते, आधी गरम पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि सिरप कडकडीत असतानाच ओता, गार झालं की थेंब पुढे सरकत नाही. कॉफीचे कागद वापरून बघू नका, मिनिटात तुंबतात. गाळणी नसेल तर सिरप दोन दिवस काचेच्या बरणीत राहू द्या आणि वरचं नितळ ओतून घ्या, पुन्हा गरम करून भरा. भरताना ते १८५ फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ८५ सेल्सिअसला हवं. झाकण लावून बरणी मिनिटभर आडवी करायची, म्हणजे झाकणही आतून तापतं. उघडली की फ्रिजमध्ये.

रंग बघून खट्टू होऊ नका. सुरुवातीचं सिरप फिकट सोनेरी, हंगाम चढेल तसं गडद. ऊब वाढली की रसातले जंतू साखर फोडतात, आणि फुटलेली साखर आटवताना जास्त तांबूस होते. दुकानात अ श्रेणीचेच चार प्रकार असतात, सोनेरी ते अतिगडद, आणि पाहुण्यांना लोक सोनेरी देतात. मला गडद आवडतं. ज्वारीच्या भाकरीवर तूप आणि ते गडद सिरप, डोळे मिटले तर काकवीच्या इतकं जवळ जातं की मामांना एकदा बरणी नेऊन दिली होती. त्यांनी बोट चाटलं, विचार केला आणि म्हणाले, "धुराचा वास बरोबर लागलाय. बाकी ऊस कुठला?"

मुलांसाठी एक करा. सिरप पुढे आणखी आटवून पाण्याच्या उकळबिंदूच्या वर बावीस-तेवीस अंश फॅरनहाइटपर्यंत न्या आणि परातीत दाबून भरलेल्या स्वच्छ बर्फावर धार सोडा. चिवट, ताणणारी टॉफी होते, काट्यानं गुंडाळून खायची. व्हरमाँटचे लोक तिच्याबरोबर डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं देतात, गोडानं तोंड मिटलं की लोणचं चावायचं आणि पुन्हा सुरू. आमच्याकडे लिंबाचं लोणचं असतं. शेजाऱ्यांनी पहिल्या वर्षी नाक मुरडलं, आता तेच मागून घेतात.

शेवट ओळखायला शिका. रात्री गोठणं बंद होतं, कळ्या फुगतात, आणि आटवताना वाफेला उकडलेल्या कोबीसारखा उग्र वास यायला लागतो. त्या रसाचं सिरप कितीही आटवा, कडसर लागतं. ओल्या सखल जागेतून संध्याकाळी बारक्या बेडकांचा किरकिराट सुरू झाला की इथले लोक बादल्या उतरवतात. तोट्या काढा, हातोडीच्या मागच्या बाजूनं सरळ ओढून, हलवून हलवून नाही. भोकात लाकडाची खुंटी, मेण, माती काही भरू नका. उघडं राहिलं की आतून वाळतं आणि झाड स्वतः बुजवतं. चार-पाच दिवस त्यातून रस ओघळत राहील, मुंग्या येतील, मुलं घाबरून सांगायला येतील. तोट्या आणि नळ्या गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा, साबण नको, त्याचा वास पुढच्या वर्षीच्या रसात उतरतो.